घरचा चिनी भात

भात हे आपले रोजचे अन्न. वैनगंगेच्या दोन्ही काठांना भाताची शेते आहेत. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी, कुठेही जा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी आणि पाण्यात धान, हेच दिसेल. मामा तलावाचे पाणी धानाला, बोडीचे पाणी धानाला. आपण भात खातो, पेज पितो. सणाला साखरभात करतो, उरला भात फोडणीला टाकतो.

आता भाताचा एक नवा प्रकार बाजारात आला आहे. गडचिरोलीला, मूलला, ब्रह्मपुरीला संध्याकाळी हातगाडी लागते. गाडीवर मोठी कढई असते. खाली जाळ भडकलेला असतो. गाडीवाला सराट्याने भात उडवतो. खमंग वास येतो. मुले आईचा पदर ओढतात आणि म्हणतात, "माय, मले चायनीज पाह्यजे."

या भाताला कोणी फ्राइड राइस म्हणतात. फ्राइड राइस म्हणजे परतलेला भात. आपण त्याला चिनी भात म्हणू. चिनी म्हणजे चीन देशाचा. साखरेलाही काही लोक चिनी म्हणतात, पण हा साखरभात नव्हे. हा तिखट-मिठाचा भात आहे.

हा भात घरी करता येतो. तो अवघड नाही. कमी खर्चात होतो, आणि आपल्या हातचा असल्याने स्वच्छ होतो. मात्र तो करताना एक गोष्ट सांभाळावी लागते. ती न सांभाळल्यास माणूस आजारी पडतो. ती गोष्ट या धड्यात पुढे सांगितली आहे. ती दोनदा वाचा.

१. हा भात आला कुठून?

चीन हा आपल्या उत्तरेचा शेजारी देश आहे. मध्ये हिमालय आहे. चीनमध्ये यांगत्से नावाची फार मोठी नदी आहे. तिच्या खोऱ्यात माणूस हजारो वर्षांपासून धान पिकवतो आहे. तेथल्या लोकांनाही आपल्यासारखाच भात लागतो. घरात भात उरतो तोही आपल्यासारखाच. आपण उरल्या भाताला मोहरी, हळद, मिरचीची फोडणी देतो. ते लोक कांद्याची पात, भाज्या आणि सोयाबीनचा सॉस घालून परततात. एकूण काय, चिनी भात हा आपल्या फोडणीच्या भाताचा लांबचा भाऊ आहे.

चिनी माणसे हिंदुस्थानात केव्हा आली? सुमारे १७८० साली एक चिनी व्यापारी कोलकात्याजवळ हुगळी नदीच्या काठी येऊन राहिला. त्याचे नाव आछू. त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही आचीपूर म्हणतात. पुढे आणखी चिनी लोक कोलकात्यात आले. कोणी सुतारकाम केले, कोणी चामडे कमावले, कोणी जोडे शिवले, कोणी खाणावळी काढल्या. त्यांच्या खाणावळीत आपले लोक जेवायला जाऊ लागले. आपल्या लोकांना तिखट हवे. मग चिनी स्वयंपाक्याने हिरवी मिरची, लसूण, अद्रक जास्त घातले. असे करता करता एक नवीनच स्वयंपाक तयार झाला. तो पुरता चीनचाही नाही आणि पुरता आपलाही नाही.

मुंबईत १९७५ साली नेल्सन वँग या स्वयंपाक्याने क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये 'मंचुरियन' नावाचा पदार्थ काढला. नेल्सन वँग यांचा जन्म कोलकात्यातला. तो पदार्थ चीनमध्ये कोणाला माहीत नव्हता. पुढे तो सगळ्या देशात गेला. तेव्हा आपल्या बाजारात 'चायनीज' म्हणून जे मिळते, ते बरेचसे आपल्याच देशात तयार झालेले आहे.

२. तांदूळ कोणता घ्यावा?

चिनी भात मोकळा असला पाहिजे. शिते सुटी सुटी दिसली पाहिजेत. म्हणून तांदूळ निवडून घ्यावा.

नवा तांदूळ चिकट होतो. जुना तांदूळ मोकळा शिजतो. धान निघून वर्ष झाले असेल तर तो तांदूळ या कामाला उत्तम. जाड तांदळाचाही भात होतो, पण बारीक तांदळाचा जास्त चांगला होतो.

बारीक तांदूळ म्हटला की आपल्या तोंडी पहिले नाव येते एचएमटी. हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की हा तांदूळ कुठल्या तरी कंपनीने काढला. तसे नाही. हा तांदूळ आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने शोधला. त्यांचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड, तालुका नागभीड. शेत जेमतेम दीड एकर. शाळा तिसरीपर्यंत.

१९८३ साली त्यांच्या शेतात पटेल-३ नावाचे धान होते. त्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या तशाच कापल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या आणि त्यांचे बी जपून ठेवले. पुढल्या वर्षी ते वेगळे पेरले. पुन्हा चांगल्या लोंब्या निवडल्या, पुन्हा पेरल्या. असे वर्षामागून वर्षे केले. शेवटी बारीक दाण्याचे, चांगले पीक देणारे धान हाती आले. त्या काळी एचएमटी कंपनीची हातघड्याळे फार नावाजलेली होती. त्यावरून बाजारात या धानाला एचएमटी नाव पडले.

दादाजी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी धानाचे आणखीही वाण निवडून काढले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते वारले. त्यांचा तांदूळ आज महाराष्ट्राबाहेरही पिकतो. पण पैसा त्यांच्या हाती फारसा लागला नाही, हेही खरे.

चिनी भातासाठी एचएमटी घ्या, नाही तर घरचा जो बारीक तांदूळ असेल तो घ्या. बासमती आणण्याची गरज नाही.

३. शिळ्या भाताची गोष्ट

आता ती महत्त्वाची गोष्ट.

रात्रीच्या वर्गात चिनी भाताचा विषय निघाला. तेव्हा एका बाईंनी विचारले, "गुरुजी, रातचा भात उरला, तर सकाळी त्याचाच करून टाकला तर चालन का जी?"

प्रश्न चांगला आहे. उरलेले अन्न टाकू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. शिवाय परतण्याला गार भातच चांगला, हेही खरे आहे. गरम भात परतला तर त्याचा गोळा होतो.

पण रात्रभर उघड्यावर, गरम हवेत राहिलेला भात धोक्याचा असतो. त्याचे कारण असे.

कच्च्या तांदळावर एक बारीक जंतू असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रात त्याला बॅसिलस सेरेअस म्हणतात. भात शिजताना इतर जंतू मरतात. या जंतूचे बीज मात्र मरत नाही. धानाचे बी जसे कोरडे असताना निजून राहते आणि ओल मिळताच उगवते, तसेच याचे आहे. भात शिजला, कोमट झाला आणि तसाच पडून राहिला, की ते बीज जागे होते. जंतू वाढतात आणि भातात विष सोडतात.

त्या बाई पुढे म्हणाल्या, "पन भात तर आपन पुन्हा गरम करतो. मंग जंतू मरन ना?"

जंतू मरतील, पण त्यांनी सोडलेले विष मरत नाही. परतले तरी ते भातात तसेच राहते. असा भात खाल्ला की एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. कधी कधी पोटात कळा येऊन जुलाबही होतात. मोठा माणूस बहुधा दिवसभरात सावरतो. लहान मूल, म्हातारे माणूस आणि गरोदर बाई यांना जास्त त्रास होतो.

इंग्लंडात १९७१ साली आणि त्यानंतर असे पुष्कळदा झाले. तेथल्या काही चिनी खाणावळींत भात आदल्या दिवशी शिजवत. तो रात्रभर स्वयंपाकघरात तसाच ठेवत. दुसऱ्या दिवशी परतून गिऱ्हाइकाला देत. खाणारे ओकू लागले. डॉक्टरांनी शोध केला तेव्हा भातात हाच जंतू सापडला. इंग्लंड हा थंड देश आहे. तेथे असे झाले, तर आपल्याकडे काय होईल? चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. येथे भात फार लवकर बिघडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंबलेल्या भाताचा वास येतो, म्हणून तो आपल्याला कळतो. या विषाला वास नाही, चवही नाही. भात चांगला दिसतो, चांगला लागतो, आणि तरी घात करतो.

म्हणून हे चार नियम पाळा.

एक: चिनी भातासाठी भात त्याच दिवशी शिजवा.

दोन: शिजलेला भात गंजात दाबून ठेवू नका. परातीत पसरा. पसरलेला भात लवकर गार होतो.

तीन: भात गार झाला की लगेच परता. शिजल्यापासून दोन तासांच्या आत परतणे झाले पाहिजे.

चार: घरी फ्रीज असेल तर भात गार होताच झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीज नसेल तर रात्रीचा भात सकाळसाठी ठेवू नका. उरेल एवढा रांधूच नका.

भात टाकणे हे पाप वाटते, ते बरोबरच आहे. पण पाव किलो भात वाचवावा आणि लेकराच्या सलाइनला हजार रुपये घालावे, हा हिशेब खोटा आहे.

४. बाटली वाचा

चिनी भाताला दोन बाटल्या लागतात. एक सोया सॉसची, दुसरी व्हिनेगरची. व्हिनेगर म्हणजे शिरका. तो आंबट असतो. शिरका नसेल तर लिंबू चालते.

सोया सॉस हा काळा, पातळ, खारट रस आहे. तो सोयाबीनचा करतात. उकडलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू एकत्र आंबवतात. मग ते खूप मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरू देतात. मुरले की पिळून गाळतात. ही युक्ती चीनची. पण सोयाबीन आपल्याकडेही होते. वरोरा, भद्रावती, चिमूर या भागांतले शेतकरी दर साल सोयाबीन पेरतात.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा दुकानदाराने दिली ती बाटली मुकाट्याने पिशवीत टाकू नका. आधी हातात घ्या आणि वाचा. बाटलीवरची अक्षरे पुष्कळदा इंग्रजी असतात. ती वाचता आली नाहीत तरी पुढील चार खुणा सर्वांना ओळखता येतात.

पहिली खूण, ठिपका. हिरव्या चौकोनात हिरवा गोल ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी आहे. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर तो मांसाहारी आहे. चिनी सॉसांत काही सॉस मासळीचे असतात, काही शिंपल्यांचे असतात. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी ठिपका पाहूनच बाटली घ्यावी.

दुसरी खूण, तारीख. बाटलीवर माल केव्हा बनला आणि केव्हापर्यंत वापरावा, हे छापलेले असते. समजा, शेवटची तारीख १२/०३/२०२७ अशी आहे. पहिला आकडा दिवसाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा सालाचा. म्हणजे १२ मार्च २०२७. ती तारीख उलटून गेली असेल तर बाटली परत द्या.

तिसरी खूण, परवाना क्रमांक. खाण्याचा माल बनवणाऱ्याला सरकारचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक १४ आकड्यांचा असतो. आकडे मोजून पाहा. क्रमांकच नसेल तर तो माल घेऊ नका.

चौथी खूण, छापील किंमत. दुकानदार त्याहून एक पैसाही जास्त मागू शकत नाही.

सोया सॉसबद्दल आणखी एक सांगायचे आहे. त्यात मीठ फार असते. चहाच्या एका चमच्याएवढ्या सॉसमध्ये पाऊण ते एक ग्रॅम मीठ असते. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून सॉस मोजून घाला. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तो अगदी थोडा घ्यावा.

गाडीवर आणखी एक पांढरी, खड्यांसारखी भुकटी घालतात. तिला लोक अजिनोमोटो म्हणतात. ते एका जपानी कंपनीचे नाव आहे. ही भुकटी जपानी प्राध्यापक इकेदा यांनी १९०८ साली समुद्रातल्या शेवाळापासून काढली. तिने चव वाढते. पण आपल्या घरच्या भातात लसूण, अद्रक आणि ताज्या भाज्या असतात. या भुकटीची आपल्याला गरज नाही. तशीच लाल रंगाचीही गरज नाही.

५. साहित्य

हे साहित्य चार माणसांना पुरते.

तांदूळ अर्धा किलो
कांदे २
गाजरे २
पत्ताकोबी पाव किलो
बरबटीच्या कोवळ्या शेंगा १ मूठ
शिमला मिरची १
पातीच्या कांद्याची लहान जुडी १
लसूण १० पाकळ्या
अद्रक बोटाच्या एका पेराएवढे
हिरव्या मिरच्या २
तेल ४ मोठे चमचे
सोया सॉस चहाचे ४ चमचे
व्हिनेगर चहाचे २ चमचे, किंवा अर्धे लिंबू
मिरेपूड चहाचा अर्धा चमचा
मीठ चहाचा १ चमचा

तेल शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे घ्या. जवसाचे तेल मोठ्या आचेवर लवकर जळते. ते येथे नको.

भाज्या सगळ्या मिळाल्याच पाहिजेत असे नाही. शिमला मिरची महाग असेल तर सोडा. गाजर नसेल तर मटार घाला. पोटाला जोर यावा म्हणून भिजवून पिळलेल्या सोयावड्या, मोड आलेले मूग किंवा उकडलेले हरभरे घाला. नुसत्या भाताने पोट भरते, पण अंगाला बळ येत नाही. वाढत्या मुलांना डाळ-कडधान्य रोज हवे.

पावसाळ्यात आपल्या रानात बांबूला कोंब फुटतात. त्यांना आपण वास्ते म्हणतो. चीनमध्येही बांबूचे कोंब आवडीने खातात. तेव्हा चिनी भातात वास्ते घातले तर ते शोभूनच दिसतात. मात्र कच्चे वास्ते विषारी असतात. ते सोलून पातळ चिरावेत, पाण्यात भिजवावेत, मग भरपूर पाण्यात चांगले उकळावेत. ते पाणी फेकून द्यावे. असे एक-दोन वेळा करावे. मगच ते भातात घालावेत. रानातली आळंबी घालायची असेल तर पूर्ण ओळखीची असेल तीच घ्या. थोडी जरी शंका आली तर घालू नका.

६. कृती

आधी भात.

तांदूळ निवडा. दोन-तीन पाण्यांनी धुवा. वीस मिनिटे भिजत ठेवा. मोठ्या गंजात भरपूर पाणी उकळा. त्यात ठरलेल्या मिठातले अर्धे मीठ आणि थोडे तेल घाला. पाण्याला उकळी आली की तांदूळ टाका. झाकण ठेवू नका.

सात-आठ मिनिटांनी एक शीत काढून बोटांत दाबा. शीत मऊ झाले पाहिजे, पण मध्ये बारीकशी कणी लागली पाहिजे. पूर्ण गाळ होऊ देऊ नका. असा भात झाला की पेज गाळून घ्या. पेज फेकू नका. तिच्यात बळ आहे. ती गरम गरम सर्वांनी प्यावी.

भात परातीत पसरा. वरून पातळ, धुतलेले कापड टाका, म्हणजे माश्या बसणार नाहीत. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात भात गार होतो.

मग भाज्या.

भात गार होईतो भाज्या धुऊन पावशीवर चिरा. सगळ्या भाज्या बारीक आणि सारख्या चिरा. एक फोड मोठी आणि एक लहान असली, तर लहान जळते आणि मोठी कच्ची राहते. लसूण, अद्रक, मिरची अगदी बारीक करा. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग वेगळा आणि हिरवी पात वेगळी ठेवा. सॉस, व्हिनेगर, मीठ, मिरेपूड हाताशी मांडून ठेवा.

सगळे हाताशी आल्याशिवाय चूल पेटवू नका. एकदा कढई चढली की शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

आता परतणे.

लोखंडी कढई घ्या. जाळ मोठा करा. कढई चांगली तापू द्या. सगळा भात एकदम परतू नका. दोन वेळा करा, अर्धे साहित्य आधी आणि अर्धे नंतर. कढई काठोकाठ भरली की वाफ कोंडते. मग भात परतला जात नाही, उकडला जातो आणि चिकट होतो.

तेल घाला. तेल तापले की लसूण, अद्रक, मिरची टाका. दहा मोजेपर्यंत हलवा. लसूण काळा होऊ देऊ नका. मग कांदा आणि पातीचा पांढरा भाग टाका. एक मिनिट परता.

आता गाजर आणि बरबटी टाका. या भाज्यांना वेळ लागतो, म्हणून त्या आधी टाकायच्या. दोन मिनिटांनी पत्ताकोबी आणि शिमला मिरची टाका. आणखी एक मिनिट परता. सोयावड्या, उकडलेले हरभरे किंवा वास्ते असतील तर तेही आताच टाका. भाजी गाळ करू नका. दाताखाली थोडी कुरकुरीत लागली पाहिजे.

आता भात घाला. मीठ, मिरेपूड घाला. सोया सॉस कढईच्या कडेने सोडा. तापल्या लोखंडावर सॉस चरचरतो आणि वास सुटतो. सराट्याने भात खालून वर उलटा. दाबू नका, घोटू नका. शीत मोडता कामा नये. दोन-तीन मिनिटांत भात सगळीकडून गरम होतो.

शेवटी व्हिनेगर किंवा लिंबू घाला. हिरवी पात पेरा. आवडत असेल तर सांबार चिरून टाका. कढई उतरवा आणि गरम गरम वाढा.

हा भात त्याच वेळी संपवावा. उरवू नये.

७. सरपण वाचते

चिनी स्वयंपाकाची एक खुबी पाहा. भाजी बारीक चिरायची, कढई खूप तापवायची आणि झटपट परतायचे. बारीक चिरलेली फोड लवकर शिजते, म्हणून जळण कमी लागते. भात उकडण्याला लागेल तेवढेच लागेल, पण दोन्ही वेळचे परतणे पंधरा-वीस मिनिटांत उरकते. वेगळी भाजी नको, वेगळे वरण नको.

आपल्या भागात ही लहान गोष्ट नाही. सरपणासाठी बाया रानात जातात. सरपण, मोहफुले, तेंदूची पाने आणायला गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या चंद्रपूर जिल्ह्यातून दर वर्षी येतात. सिलिंडर असला तरी तो भरून आणायला पैसे लागतात. जी भारी एक दिवस उशिरा लागेल, जो सिलिंडर दोन दिवस जास्त पुरेल, तेवढा घराचा फायदा आहे.

याच नेमाने रोजची भाजीही करून पाहा. सगळे आधी चिरून ठेवा आणि मग चूल पेटवा.

८. हिशेब

समजा, गाडीवर एका प्लेटचे ६० रुपये पडतात. घरात चार माणसे आहेत.

४ प्लेट × ६० = २४० रुपये.

घरी केला तर समजा असा खर्च येतो.

तांदूळ २५ रुपये
भाज्या ३५ रुपये
लसूण, अद्रक, मिरची १० रुपये
तेल १५ रुपये
सॉस व व्हिनेगर ५ रुपये
एकूण ९० रुपये

२४० मधून ९० वजा केले. उरले १५० रुपये.

तांदूळ घरच्या शेतातला असेल आणि भाजी परसातली असेल, तर आणखी कमी खर्च येतो. हे भाव नमुन्यापुरते आहेत. तुमच्या बाजाराचे भाव घालून हिशेब पुन्हा मांडा. बाटली एकदाच विकत घ्यावी लागते, पण ती पुष्कळ वेळा पुरते. तिचा थोडा थोडा खर्च प्रत्येक वेळी धरायचा असतो.

गाडीवर कधीच खाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. गाडीवालाही आपलाच भाऊ आहे. त्याचेही पोट त्यावर आहे. पण त्याला विचारायला लाजू नका. "भाऊ, भात आजचा आहे का?" एवढेच विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की गाडीवालाही सांभाळून राहतो.

शब्दांचे अर्थ

वाण – पिकाची जात
लोंबी – धानाचे कणीस
कणी – शिताच्या मधला न शिजलेला भाग
परवाना – सरकारी परवानगी
शाकाहारी – मांस, मासळी, अंडी नसलेले
खुबी – विशेष गुण

प्रश्न

१. चिनी भात आणि फोडणीचा भात यांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे?
२. दादाजी खोब्रागडे यांनी वेगळ्या लोंब्या दिसल्यावर काय केले?
३. रात्रभर बाहेर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी धोक्याचा का असतो?
४. शिजलेला भात परातीत का पसरावा?
५. गाजर आधी आणि पत्ताकोबी नंतर का टाकतात?
६. कच्चे वास्ते का खाऊ नयेत?

करून पाहा

१. घरातली कोणतीही एक बाटली किंवा पुडा घ्या. त्यावरचा ठिपका, शेवटची तारीख, परवाना क्रमांक आणि किंमत वहीत उतरवून आणा.
२. तुमच्या बाजारातले भाव लिहा आणि चार माणसांच्या भाताचा खर्च काढा.
३. शिळ्या भाताचे चार नियम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा. तो कागद चुलीजवळच्या भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.